फळ्यावरचा हिशेब

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून काढताना भरल्या आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, "आठवणी सांग बाप्पा, राजकारण नको." मी आठवणच सांगणार आहे. पण ती मतदानाची आहे, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे होईल. सांभाळून घ्या.

नववीतली सहल आठवते का? शेगावला जायचं की चिखलदऱ्याला, यावरून वर्गाचे दोन तट पडले होते. आपले नागरिकशास्त्राचे गुरुजी म्हणाले, "भांडता कशाला? मतदान घ्या." वह्यांची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या आणि खडूच्या रिकाम्या खोक्याची मतपेटी केली. मतदान मधल्या सुट्टीनंतर होतं. मधल्या सुट्टीत चिखलदऱ्याच्या बाजूने लिमलेटच्या गोळ्या वाटल्या गेल्या. कोणी वाटल्या ते इथे बसलेल्यांना माहीत आहे, तो समोरच्या रांगेत हसतो आहे. गोळी देताना कोणीही "चिखलदऱ्याला मत दे" असं म्हटलं नाही. गोळी हातावर ठेवायची आणि नुसतं हसायचं.

गुरुजींना कळलं. आम्हाला वाटलं, आता छडी. त्यांनी छडीला हातही लावला नाही. चिठ्ठ्या तशाच खिडकीतून टाकून दिल्या, त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "गोळ्या वाटणं हा गुन्हा नाही. पण किती वाटल्या, किती पैशाच्या होत्या आणि पैसे कोणी दिले, ते फळ्यावर लिही." त्याने लिहिलं. पैसे त्याच्या काकांनी दिले होते, आणि काकांची सहलीला लावायची गाडी होती! वर्ग खो-खो हसला. मग गुरुजींनी शेगाववाल्यांनाही विचारलं, "तुमचा खर्च?" त्यांनी प्रसादाचे चुरमुरे वाटले होते, तेही फळ्यावर आले. मग पुन्हा मतदान झालं.

जिंकलं चिखलदराच. तीन मतांनी. पण शेगाववाले तक्रार न करता गाडीत बसले. त्यांना ठाऊक होतं की आता जे हरलो ते मतांनी हरलो, गोळ्यांनी नाही.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने ती मला पुन्हा आठवून दिली. आज मला खरं बोलायचं आहे ते त्या दिवसाबद्दल. तिला विचारूनच सांगतो आहे. नाव घेऊ नको म्हणाली, म्हणून घेत नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी महसूल खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. निवडणुकीचं काम किती वेळा केलं याची मोजदाद नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. पण एक मतदान असं आहे की ज्यात उमेदवारच नसतो. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी आणि एक आडवी. उभी म्हणजे गावातलं परवान्याचं दारू दुकान सुरू राहू द्या. आडवी म्हणजे बंद करा.

ज्यांना याचा नियम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला आडवी बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. आता नीट ऐका. निम्म्याहून जास्त म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून नाही. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त. जी बाई घरी राहिली तिचं मत आपोआप उभी बाटलीच्या खात्यात जमा झालं असं समजा.

आपल्या विदर्भात या प्रश्नाचं वजन किती आहे ते मी सांगायला नको. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या नावाने सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. यातल्या वर्धा आणि चंद्रपूरच्या शेजारी आपलं यवतमाळ. बंदी असावी की नसावी यावर इथे बसलेल्या आपल्यातच दोन मतं असतील आणि मला त्यात आज पडायचं नाही. परवानाधारक दुकानदार हा कायद्याने धंदा करतो, सरकारला महसूल देतो, त्यालाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे. मला बोलायचं आहे ते एवढंच, की दोन बाजू मांडताना पैसा कसा वापरला जातो आणि त्याचा हिशेब कोणाला मागायचा.

तर त्या गावात मी केंद्राध्यक्ष होतो. वेचणीचे दिवस होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र. आदल्या रात्री आम्ही शाळेतच मुक्काम केला. सकाळी सातला पाहतो तर गावात तीन जीपगाड्या उभ्या. माहूरला देवदर्शनाची सहल. फुकट. जेवणासकट. बाया नवी लुगडी नेसून, पोरं कडेवर घेऊन बसत होत्या. मी चौकशी केली. "कोणाची सहल?" उत्तर आलं, "देवाची." गाडीत बसायला कोणी कोणाला मत मागितलं नाही. बसताना नुसतं हसायचं. लिमलेटची गोळी!

थोड्या वेळाने कळलं, दोन-तीन मोठ्या वावरांत त्या दिवशी वेचणीचा भाव किलोमागे दोन रुपयांनी वाढवला होता. फक्त त्याच दिवशी. ज्या बाईचं घर रोजीवर चालतं तिने काय करावं? मतदानासाठी तिला सुट्टी नाही, आणि सुट्टी घेतली तर ती बिनपगारी.

आणि तिसरी गोष्ट. शाळेच्या समोर पार होता. त्या पारावर चार-सहा माणसं सकाळपासून बसून होती. बोलत नव्हती, अडवत नव्हती, शंभर मीटरच्या आतही नव्हती. फक्त कोण येतं ते पाहत होती. आता विचार करा. मत गुप्त होतं, पण येणं गुप्त नव्हतं. जिला दुकान राहू द्यायचं आहे ती घरी बसली तरी तिचं काम होतं. म्हणजे जी बाई शाळेच्या फाटकातून आत शिरली ती कशासाठी शिरली हे पारावरच्या माणसाला बाटलीचं चित्र न पाहताच कळत होतं. मतपेटीला मी लाखेचं सील लावलं होतं. त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी मोजणी झाली. उभी बाटलीला मोजकीच मतं पडली. आडवीला कितीतरी जास्त. आणि तरी आडवी हरली. यादीच्या निम्म्याला अठरा मतं कमी पडली.

त्या गावात सह्या गोळा करणारी जी बाई होती ती आपली वर्गमैत्रीण. लग्न होऊन त्या गावी गेलेली. दिवसभर तिने मला "साहेब" म्हटलं, मीही ओळख दाखवली नाही, कामावर होतो. निकाल वाचून दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही. आम्ही सामान गाडीत टाकत होतो तेव्हा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजींनं गोळ्यांचा हिशेब फळ्यावर लिवाले लावला होता, आठवते का तुले? इथं फळा कुठी आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत मी काय लिहिलं सांगू? "मतदान शांततेत पार पडले." ते खोटं नव्हतं. भांडण नाही, मारामारी नाही, दगडफेक नाही. पण तीन गाड्या, वाढलेला भाव आणि तो पार, यातलं काहीही लिहायला त्या नमुन्यात रकाना नव्हता. आणि रकाना नाही म्हणून मी लिहिलं नाही. वेगळा कागद जोडता आला असता. तेवढं धैर्य मी दाखवलं नाही, हे आज गुरुजींसमोर कबूल करतो.

नंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. निवडणुकीत हिशेब कोण देतो? उमेदवार. साध्या ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही निकालानंतर ३० दिवसांत खर्च सादर करावा लागतो, नाही केला तर अपात्र होण्याची पाळी येते. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात २०२२ पासून ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची. ती मर्यादा किती पाळली जाते यावर तुम्ही हसाल, हसा. पण निदान नोटीस कोणाच्या नावाने काढायची ते तरी ठरलेलं आहे. बाटलीच्या मतदानात उमेदवार म्हणजे चित्र. चित्राला नोटीस कशी देणार? जिथे माणूस निवडायचा असतो तिथे पैशाला मालक सापडतो. जिथे प्रश्न विचारायचा असतो तिथे पैसा बेवारस असतो, आणि बेवारस पैशाला कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, एका गावाच्या दारू दुकानाचं एवढं काय घेऊन बसलास? आपल्या देशात प्रश्नावर मतदान फारसं होतच नाही. खरं आहे. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. घटना बदलायची तर संसद बदलते. राज्य वेगळं करायचं तरी कलम ३ खाली संसदच करते, विधानसभेचं फक्त मत मागवते. तरीही मोठ्या प्रश्नावर मतदान झाल्याची उदाहरणं आहेत आणि त्यातलं एक आपल्या मराठी माणसाच्या फार जवळचं आहे.

गोवा महाराष्ट्रात यावा की वेगळा केंद्रशासित राहावा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल घेतला गेला. आपण तेव्हा रांगत होतो. त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. विलीनीकरण हवं त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, वेगळं राहायचं त्यांनी दोन पानांवर. बाटलीसारखीच ही चित्रं, अक्षर न येणाऱ्यालाही कळावीत अशी. मुख्यमंत्री होते भाऊसाहेब बांदोडकर, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. विरोधात युनायटेड गोवन्सचे जॅक सिक्वेरा. विरोधकांचा आक्षेप असा होता, की ज्याला एका बाजूने निकाल हवा आहे तोच सरकार चालवत असेल तर कौल निर्मळ कसा होणार? गाड्या त्याच्या, कचेऱ्या त्याच्या, बदल्या त्याच्या हातात.

तेव्हा काय झालं? डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रश्नावर मत घ्यायचं म्हणून चालतं सरकार बाजूला झालं! मग दोन्ही बाजूंनी जीव तोडून प्रचार झाला. मराठीतच विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' होता आणि विरोधात 'राष्ट्रमत'. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. उल्हास बुयांव गावोगाव गाणी म्हणत फिरायचे. निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांना तो निकाल झोंबला. पण पुढे काय झालं पहा. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, तिथे विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून मुख्यमंत्री केलं. माणूस हवा होता, त्याचा प्रश्न नको होता. लोकांना हा फरक कळला. आणि हरलेला माणूस त्याच निकालाखाली पुढे राज्य करत राहिला. शेगाववाले गाडीत बसले तसंच आहे हे. सरकारने आपला हात आखडता घेतला होता, म्हणून पराभव गिळणं त्या बाजूला जरा तरी सोपं गेलं असं मला वाटतं.

मात्र राजीनाम्याने सरकारी गाडीचा प्रश्न सुटतो, खाजगी गाडीचा सुटत नाही. त्यासाठी दुसऱ्या देशांनी काय केलं ते थोडं पाहू. कंटाळला नसाल तर. जेवणाचा वास यायला लागला आहे, मला माहीत आहे.

आयर्लंडमध्ये घटना बदलायची तर जनतेचं मत घ्यावंच लागतं. १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यावी का, यावर मतदान होतं. सरकारला परवानगी द्यायची होती म्हणून सरकारने तिजोरीतून 'होय'चा प्रचार चालवला. एका बाईने न्यायालयात दाद मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मतदानाच्या आठवडाभर आधी सांगितलं, की सगळ्यांच्या कराचा पैसा एकाच बाजूसाठी खर्च करता येणार नाही. मतदान झालं, 'होय' जिंकलं, पण नऊ हजारांच्या आसपास मतांनी! इतक्या थोड्या फरकाने. मग निकालालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ते टिकलं नाही, पण शंका राहिली ती राहिलीच. पुढे तिथे लोकांना दोन्ही बाजूंची माहिती द्यायला स्वतंत्र आयोग नेमायची पद्धत सुरू झाली.

ब्रिटनने तर २००० सालीच कायदा केला. सार्वमतात १०,००० पौंडांपेक्षा जास्त खर्च करायचा असेल तर आधी निवडणूक आयोगाकडे नाव नोंदवा. त्याखाली खर्च करणाऱ्या लहान मंडळाला त्रास नाही. दोन्ही बाजूंची एकेक मुख्य संघटना आयोग ठरवतो आणि २०१६ च्या युरोपीय संघाच्या मतदानात त्या प्रत्येकीला ७० लाख पौंडांची मर्यादा होती. म्हणजे चित्राला नोटीस देता येत नाही, तर चित्राच्या मागे उभा असलेला माणूस आधीच उभा करून ठेवायचा. आपल्या गुरुजींची पद्धत!

पण नियम असला म्हणून पळवाट नसते असं नाही. 'संघातून बाहेर पडा' म्हणणाऱ्या मुख्य संघटनेने मर्यादा जवळ आल्यावर साडेसहा लाख पौंडांहून जास्त रक्कम एका तरुणांच्या छोट्या गटाच्या नावाने खर्च केली. गट वेगळा दाखवला, काम मिळून केलं. आयोगाने २०१८ मध्ये ते पकडलं आणि ६१,००० पौंडांचा दंड केला. निकाल लागून तोवर दोन वर्षं झाली होती. दंड भरून निकाल बदलत नाही. यातून मी एक गोष्ट शिकलो. हिशेब मतदानानंतर मागून फारसं काही हाती लागत नाही. तो मतदानाच्या आधी, मत देणाऱ्याच्या डोळ्यासमोर हवा. गुरुजींनी फळ्यावर लिहायला लावलं ते चिठ्ठ्या टाकण्याच्या आधी, नंतर नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले तेव्हाही मुद्दा हाच होता. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. मग मला असं वाटतं, की पक्षाला पैसा देणाऱ्याचं नाव देशाच्या मतदाराला कळायला हवं असेल, तर माहूरच्या गाडीचं भाडं कोणी भरलं हे गावातल्या बाईलाही कळायला हवं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. लोकनायक बापूजी अणे आपल्या वणीचे. वेगळ्या विदर्भाची मागणी त्यांच्यापासून चालत आली आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारसही केली होती. इथे बसलेल्यांत विदर्भवादी आहेत आणि संयुक्त महाराष्ट्रवालेही आहेत, गेल्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मध्यंतरी नागपूरला एका संस्थेने पेट्या ठेवून स्वतंत्र विदर्भावर लोकांचं मतदान घेतलं. ते सरकारी नव्हतं. पण उद्या कधी सरकारी झालं, गोव्यासारखं खास कायदा करून, तर? केवढा पैसा येईल! मुंबईतून येईल, नागपुरातून येईल, जमिनीवाल्यांचा येईल, खाणवाल्यांचा येईल. दोन्ही बाजूंना येईल. आणि हिशेब कोण देईल? विदर्भ देईल की महाराष्ट्र देईल? निकाल कोणताही लागो, हरलेली बाजू पन्नास वर्षं म्हणत राहील की आम्ही मतांनी नाही, पैशांनी हरलो. आपल्याला विदर्भ हवा असो की नको, हा नियम आधी हवा, यावर तरी आपण दोन्ही तट एका पंगतीत बसू शकतो.

मोठ्या मतदानाची वाट कशाला पाहायची? लहानापासून सुरुवात करता येते. निवृत्त झाल्यावर मी एक निवेदन लिहिलं आहे. बाटलीच्या मतदानापुरतं. त्यात चारच मागण्या आहेत.

पहिली, दोन्ही बाजूंनी तहसीलदाराकडे आपलं एकेक जबाबदार माणूस नोंदवावं. ठरावीक रकमेवर खर्च करणारा जो कोणी असेल, दुकानदार असो, बचत गट असो की बाहेरून आलेली संस्था, त्याने नाव द्यावं. त्या रकमेखाली दहा-वीस बाया स्वतःच्या पदराने पत्रकं छापत असतील तर त्यांना कागदपत्रांत अडकवू नये.

दुसरी, खर्चाला मर्यादा असावी आणि मतदानाच्या दोन दिवस आधी दोन्ही बाजूंचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. आडवी बाटलीवाल्यांचाही. आपली बाजू चांगली आहे म्हणून आपला पैसा लपवायची मुभा मिळत नाही. शेगाववाल्यांचे चुरमुरेही फळ्यावर आले होते, विसरू नका.

तिसरी, मतदानाच्या दिवशी गावात फुकट सहल, जेवणावळ किंवा नेहमीपेक्षा जास्त मजुरी दिली गेली तर ती कोणाच्या पैशाने, हे केंद्राध्यक्षाने लिहायलाच हवं. नमुन्यात तसा रकाना हवा. आणि मजुरी करणाऱ्या बाईला त्या दिवसाची भरपगारी सुट्टी हवी.

चौथी सगळ्यात अवघड. एकूण यादीच्या निम्म्याची अट बदलावी. काही लोक म्हणतील, थोड्याच बाया आल्या आणि त्यांनी दुकान बंद केलं तर तो दुकानदारावर अन्याय. बरोबर आहे. म्हणून किमान अमुक इतकं मतदान झालंच पाहिजे अशी मोठी अट घालावी का? तर नाही, कारण मग पुन्हा घरी बसवण्याचाच धंदा सुरू होतो. इटलीत कायदा रद्द करण्याचं सार्वमत निम्म्याहून जास्त मतदार आले तरच वैध ठरतं, आणि तिथेही विरोधक प्रचार करण्याऐवजी लोकांना घरी बसायला सांगतात. माझी सूचना अशी आहे, की आलेल्या मतांत बहुमत हवं आणि ते बहुमत यादीच्या निदान एक तृतीयांश तरी असावं. आकड्यावर वाद होऊ शकतो. पण घरी बसणं हेच एक मत होऊन बसलं, तर घरी बसवायला पैसा लागतोच, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे निवेदन दाराशी, नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलं आहे. जाताना वाचा. पटलं तर सही करा. पटलं नाही तर समासात का पटलं नाही ते लिहा. आपल्यात वकील आहेत, दोन सरपंच आहेत, एक परवानाधारक मित्रही आहे. त्याला मी मुद्दाम आधी वाचायला दिलं होतं. त्याने तिसऱ्या मागणीत एक दुरुस्ती सुचवली आणि ती मी घेतली. सही मात्र अजून केलेली नाही. ती मी जेवणानंतर मागणार आहे. जेवणाआधी मागितली तर लिमलेटची गोळी होईल!

आता ज्या गावाची गोष्ट सांगितली त्याबद्दल. ते दुकान अजून सुरू आहे. आपली मैत्रीण अजून त्याच गावात आहे. ती आज आलेली नाही. फोन केला होता. म्हणाली, "वेचणी सुरू आहे रे, नाई येता येत. पण तू सांगजो सगळं. आणि तू लिवलं नव्हतं तेही सांगजो." सांगितलं आहे.

गुरुजी, तुम्ही फळ्यावर जे लिहायला लावलं होतं ते मला नोकरीत छत्तीस वर्षं पुरलं नाही. चूक तुमच्या शिकवण्यात नव्हती. आता निवृत्तीत तरी ते पुरं करण्याचा प्रयत्न आहे. आजच्या मेळाव्याची वर्गणी आणि खर्च संयोजकांनी फाटकाजवळच्या फळ्यावर लावला आहे, जाताना तोही पहा. मंडपवाल्याचे अजून आठशे रुपये देणं आहे. ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांची नावं मी वाचून दाखवत नाही, ती फळ्यावर आहेतच.

वेळेपेक्षा जास्त बोललो, क्षमा करा.